वाचनालय सर्वांचे : दिव्यांग वाचक आणि आपली वस्ती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला होता, ‘वाचनालयाचे महत्त्व’. या विषयावर मी गेली तीस वर्षे भाषणे ऐकत आलो आहे आणि दोन-चार केलीही आहेत. ग्रंथ हेच गुरू वगैरे. तुम्हालाही ते पाठ झाले असेल. म्हणून समितीची परवानगी गृहीत धरून मी विषय थोडा वळवतो. वाचनालयाचे महत्त्व ज्याला पटलेले आहे, पण वाचनालयात ज्याला येताच येत नाही, त्या माणसाबद्दल मला बोलायचे आहे. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित सार्वजनिक वाचनालयात आधी लिपिक आणि पुढे ग्रंथपाल होतो. ‘ब’ वर्गाचे वाचनालय. गोष्ट १९९४ सालची. पावसाळ्याचे दिवस होते. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा पांढरी काठी घेऊन आला, सोबत त्याची लहान बहीण. म्हणाला, “सर, सभासद व्हायचं आहे.” मी त्याच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि जे बोललो ते आजही कानात आहे. म्हणालो, “बाबा, तुला वाचता येत नाही, तू पुस्तक नेऊन काय करशील?”

तो शांतपणे म्हणाला, “बहीण वाचते, मी ऐकतो.”

मी काही दुष्ट माणूस नव्हतो हो. मी अर्ज काढला. अर्जावर सही पाहिजे. तो म्हणाला अंगठा देतो. आमच्या कार्यकारिणीतले एक सदस्य तिथेच पेपर वाचत बसले होते. ते म्हणाले, अंगठेबहाद्दर सभासद केला तर तपासणीत अधिकारी हसतील. मग तोडगा निघाला की बहिणीच्या नावाने सभासदत्व द्यावे. पण बहीण बारा वर्षांची. तिला बालविभागाचीच पुस्तके मिळणार. त्या मुलाला बारावीच्या अभ्यासाला इतिहासाचे पुस्तक हवे होते आणि आम्ही त्याला परीकथा द्यायला तयार होतो! तो “बरं सर” म्हणाला, बहिणीचा खांदा धरला आणि तीन पायऱ्या उतरून गेला. पुन्हा आला नाही. त्याचे पुढे काय झाले मला माहीत नाही. मी शोधही घेतला नाही, हे खरे.

त्याच वर्षी, १९९४ च्या नोव्हेंबरात, युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा नव्याने काढला. त्यात साफ लिहिले आहे की ग्रंथालयाची सेवा सर्वांना सारखी मिळाली पाहिजे, आणि जे लोक नेहमीच्या पद्धतीने ती घेऊ शकत नाहीत, म्हणजे अपंग व्यक्ती, दवाखान्यात पडलेले रोगी, तुरुंगातले कैदी, त्यांच्यासाठी खास सोय केली पाहिजे. मला हा कागद वाचायला मिळाला दहा वर्षांनी. म्हणजे ज्या साली जग हे लिहीत होते, त्याच साली मी त्या पोराला परत पाठवत होतो.

आता माझी सध्याची अवस्था सांगतो. मला काचबिंदू झाला. उजवा डोळा गेला आहे, डाव्याने समोरची माणसे दिसतात, पण पेपरची बारीक अक्षरे दिसत नाहीत. हे भाषण नातवाने मोठ्या अक्षरात काढून दिले म्हणून मी वाचतो आहे. ज्याने आयुष्यभर पुस्तके दिली-घेतली त्याला आज “वाचून दाखव रे” म्हणावे लागते. म्हणून कोणी असे समजू नये की हा विषय पाच-दहा जणांचा आहे. आज धडधाकट असलेला प्रत्येक जण म्हातारा होणार आहे. मधुमेह तर आपल्या वस्तीत घरटी आहे, आणि तो डोळ्यांवर जातो हे तुम्हाला सांगायला नको.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. तेव्हा मोजणी आठ प्रकारांत होती. पुढे २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते, नव्या कायद्यात ते एकवीस झाले. (‘अपंग’ म्हणावे की ‘दिव्यांग’, यावर आपल्याकडे फार वाद चालतो. मला विचाराल तर ज्याला जे म्हणवून घ्यायचे ते म्हणावे, आधी दार उघडावे.) या एकवीसमध्ये एक नाव असे आहे की ते ऐकून आपल्या विदर्भातल्या आयाबायांनी कान टवकारले पाहिजेत. ते नाव आहे सिकलसेल.

सिकलसेल म्हणजे काय हे इथे बसलेल्या कित्येक घरांना डॉक्टरपेक्षा जास्त माहीत आहे. आदिवासी भागांत आणि आपल्या बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असे दुखतात की पोर रात्रभर तळमळते. थंडी, अंगातले पाणी कमी होणे, जास्त दमणे, यांनी हा त्रास उफाळतो. असे मूल चालते, बोलते, दिसायला ठीक दिसते. पण महिन्यातले कित्येक दिवस अंथरुणावर. शाळा बुडते, मैदान नाही, मित्र येऊन येऊन किती येणार? त्या मुलाला पुस्तक कुठे मिळायला पाहिजे? त्याच्या अंथरुणाशी. वाचनालय त्याच्याकडे गेले पाहिजे.

यात नवे काहीच नाही. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभारले. ज्या खेड्यात वाचनालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी जायची. वाचून झाली की परत यायची, पुढच्या गावाला जायची. बाबासाहेबांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे हेच महाराज. शंभर वर्षांपूर्वी पेटी खेड्यात जात होती, तर आज आपल्या वस्तीत पाच गल्ल्या ओलांडून एका पोराच्या खाटेपर्यंत पिशवी जाऊ नये? आपली तरुण पोरं मोटारसायकलवर दिवसभर फिरतात. रागावू नका पोरांनो, मी कामालाच लावतो आहे.

आता विहाराच्या नव्या इमारतीकडे येतो. इथे समितीचे लोक बसले आहेत, त्यांच्या कष्टाबद्दल मला पूर्ण आदर आहे. पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरणे सोपे नाही. पण नकाशा मी नातवाकडून समजून घेतला. खाली सभागृह, आणि वाचनालय वरच्या मजल्यावर. कारण सांगितले की खाली लग्न-वाढदिवसाचे कार्यक्रम होतात, भाडे येते, वर शांतता राहील. हिशोब चुकीचा नाही. पण आणखी एक हिशोब मांडतो. चाकाच्या खुर्चीसाठी जो उतार करतात, त्याचे प्रमाण एकास बारा धरतात. म्हणजे एक फूट चढायचे तर बारा फूट लांब उतार. विहाराचा चौथरा दोन फुटांचा आहे, तर चोवीस फूट उतार लागेल. अंगणात तेवढी जागा आहे, मी पावलांनी मोजली. पण वरचा मजला अकरा फुटांवर. अकरा गुणिले बारा, एकशे बत्तीस फूट! तेवढा उतार करायचा तर समोरच्या घरातून न्यावा लागेल. लिफ्टला पैसे नाहीत. म्हणजे वाचनालय वर गेले की ते काही माणसांसाठी कायमचे बंद झाले.

समितीतले एक मित्र मला म्हणाले, “गुरुजी, राजगृहातसुद्धा बाबासाहेबांचं ग्रंथालय वरच्या मजल्यावर होतं.” मुद्दा चांगला आहे आणि खराही आहे. दादरला घर बांधताना बाबासाहेबांनी आधी पुस्तकांच्या जागेचा विचार केला होता. पण ते त्यांचे स्वतःचे घर होते आणि चढणारे पाय त्यांचे होते. शेवटच्या वर्षांत दिल्लीला त्याच महामानवाची दृष्टी अधू झाली होती आणि पाय साथ देत नव्हते. चालताना दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागे. त्या दिवसांतले बाबासाहेब आपल्या विहारात आले असते तर आपण त्यांना जिन्याखालीच बसवले असते का, एवढेच मी विचारतो.

२०१६ च्या कायद्याने सार्वजनिक वापराच्या इमारती दिव्यांगांना सुगम करण्याची सक्ती केली आहे. जुन्या इमारतींना नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम २०१७ ला झाले, म्हणजे २०२२ लाच मुदत संपली. किती सरकारी कार्यालयांनी हे पाळले ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. पण आपण तर नवीन बांधतो आहोत. नव्यात आधीच उतार धरला तर खर्च थोडा, मागून फोडतोड केली तर दुप्पट. दार तीन फुटांचे हवे, कपाटांच्या मधली वाट चार फुटांची. बसलेल्या माणसाचा हात साधारण चार फुटांपर्यंत पोचतो, त्याच्यावरच्या कप्प्यात फार लागणारी पुस्तके ठेवू नयेत. टेबलाखाली खुर्चीची चाके आत गेली पाहिजेत. आणि संडासाचे दार! उतार करतात आणि संडासाचे दार दोन फुटांचे ठेवतात, मग तो माणूस दोन तास बसणार कसा?

आता अंध वाचकांबद्दल. हे जरा सविस्तर सांगतो, कारण यातली एक गोष्ट आपल्या फार जवळची आहे.

फ्रान्समधल्या एका खेड्यात १८०९ साली लुई ब्रेल जन्मला. त्याचा बाप घोड्यांचे जीन आणि साज बनवायचा, म्हणजे कातड्याचे काम करणारा कारागीर. तीन वर्षांचा लुई बापाच्या कामाच्या जागी खेळत होता. कातडे टोचायची आरी हातात घेतली, ती सटकली आणि डोळ्यात गेली. एका डोळ्यातले विष दुसऱ्यात गेले, पोर पूर्ण आंधळे झाले. आपल्या आजा-पणजांच्या हातात आरी होती, त्यामुळे तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहायला वेळ लागत नाही. पुढे हा मुलगा पॅरिसच्या अंधशाळेत गेला. शार्ल बार्बिये नावाच्या एका लष्करी माणसाने अंधारात वाचता यावी म्हणून बारा ठिपक्यांची लिपी केली होती. बारा ठिपके एका बोटाखाली मावत नाहीत. लुईने ते सहावर आणले. पंधराव्या वर्षी लिपीचा आराखडा तयार केला, १८२९ साली ती छापली. सहा ठिपक्यांच्या मांडणीतून ६३ चिन्हे होतात, त्यात अक्षरे, आकडे, विरामचिन्हे, संगीतसुद्धा बसते. पण त्याच्याच शाळेने ती लिपी अधिकृतपणे स्वीकारली १८५४ ला. तोवर त्याला मरून दोन वर्षे झाली होती.

आपल्या देशात आधी वेगवेगळ्या ब्रेल चालत. १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरली. मराठीही त्यातच लिहितात. हाताने लिहिताना जाड कागद पाटीत अडकवतात आणि टोचणीने मागच्या बाजूने टोचतात. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटा करून वाचायचे डावीकडून उजवीकडे. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? ब्रेल पुस्तक जाडजूड होते, आपले एक पुस्तक तिकडे तीन-चार खंडांचे होते. ते आडवे रचून ठेवू नये, वजनाने ठिपके दबतात. उभेच ठेवावे. आणि टपालाची गंमत ऐका, अंधांच्या वाचनसाहित्याच्या पाकिटाला साध्या टपालाने टपालखर्च माफ आहे. जगभर ही सवलत आहे. आपल्या पोस्टात जाऊन पद्धत विचारून घ्यावी.

पण सगळ्यांना ब्रेल जमते असे नाही. माझ्यासारख्या उतारवयात दृष्टी गेलेल्याची बोटे तयार होत नाहीत. कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या आणि जुन्या मधुमेहींच्या बोटांची संवेदना कमी झालेली असते. त्यांना ऐकण्याचे पुस्तक पाहिजे. केंद्र सरकारने २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू केले, त्यात डेझी फोरम ऑफ इंडिया ही संघटना सहभागी आहे. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्याने त्यात नाव नोंदवायचे आणि इंटरनेटवरून पुस्तक उतरवून घ्यायचे. फक्त अंधच नाही, हातात पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, असाही माणूस यात येतो. संगणकावर एनव्हीडीए नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला की संगणक पडद्यावरचे वाचून दाखवतो, मराठीसुद्धा. मोबाईलमध्ये टॉकबॅक असतेच, सुरू तेवढे करायचे. आवाज जरा यंत्रासारखा येतो, आठ दिवसांत सवय होते.

इथे एक अडचण आहे, आणि ती आपल्याच हातातली आहे. आपली पत्रके, स्मरणिका, पुस्तिका डीटीपीवाले जुन्या फॉन्टमध्ये बसवतात. कागदावर अक्षर सुंदर दिसते, पण यंत्राला ते मराठी वाटतच नाही, ते काहीतरी अगडबगड वाचते. पान फोटोसारखे काढून पाठवले तरी तोच प्रकार. मजकूर युनिकोडमध्ये असेल तरच यंत्र सरळ वाचते. म्हणून संपादक मंडळाला विनंती, या स्मरणिकेची युनिकोड प्रत एका पेनड्राइव्हवर वाचनालयात ठेवा. दोन प्रती मोठ्या अक्षरात काढा, सोळा-अठरा पॉइंटच्या. सगळ्यात आधी मीच रांगेत उभा राहीन.

कोणी विचारेल, पुस्तक वाचून आवाजात भरून दिले तर लेखक-प्रकाशक केस करतील का? २०१२ साली आपला कॉपीराइट कायदा बदलला. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावे म्हणून, नफा न घेता, पुस्तक ब्रेलमध्ये, आवाजात, मोठ्या अक्षरात आणायला आता परवानगी लागत नाही. याच विषयावर २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात जगातल्या देशांनी करार केला आणि २०१४ साली त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. अट मात्र एक लक्षात ठेवायची. ती ध्वनिफीत ज्याच्यासाठी केली त्याच्याकडेच राहिली पाहिजे. वस्तीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका.

महिला मंडळाच्या भगिनींना यासाठी मी खास विचारतो. वर्षावासात ग्रंथवाचन तुम्ही करता, किती स्पष्ट वाचता! तोच आवाज मोबाईलमध्ये भरायचा आहे. पंखा बंद, कुकरच्या शिट्ट्या नाहीत, आधी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकरण सांगायचे आणि पान बदलले की पानाचा आकडा बोलायचा. अभ्यास करणाऱ्या मुलाला पानाचा आकडा लागतो, हे मला एका अंध विद्यार्थिनीनेच शिकवले.

मूकबधिरांबद्दल थोडक्यात. त्यांना दिसते, मग पुस्तक दिले की झाले, असे आपल्याला वाटते. पण जन्मापासून ऐकलेच नाही त्याची पहिली भाषा खुणांची असते, लिखित मराठी त्याला परक्या भाषेसारखी शिकावी लागते. त्याला सचित्र, सोप्या वाक्यांची पुस्तके लागतात, मोठेपणीही. ती बालविभागात ठेवून त्याला लाजवू नका. आणि काउंटरवर एक वही-पेन ठेवा, लिहून बोलता येते. मतिमंद मुलांना हाकलू नका. पान फाटेल, फाटू द्या. माझ्या नोकरीत धडधाकट सभासदांनी ब्लेडने कापून नेलेली पाने मी मोजली असती तर एक ग्रंथ झाला असता!

पैशाचे म्हणाल तर दोन वाटा आहेत. ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांना स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. तो कित्येक ठिकाणी पडून राहतो किंवा वर्षअखेरीस घाईने उरकतात. नगरसेवकांकडे कमानीची मागणी आपण करतो तशी उताराची करावी. दुसरे, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली वाचनालयाला मान्यता घेतली की वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. अनुदान वेळेवर येत नाही हे मी पगाराच्या दिवशी अनुभवले आहे, तरी पण घ्यावे. फक्त सभासद अर्जावर सहीच्या जागी ‘सही किंवा अंगठा’ असे छापून घ्या. त्या एका ओळीला खर्च शून्य आहे.

समितीच्या बैठकीत नकाशावर शेवटचा निर्णय येत्या रविवारी आहे, असे मला समजले. मी सकाळी दहाला येणार आहे. गल्लीतल्या आमच्या एका ताईंची मुलगी चाकाच्या खुर्चीवर आहे, तिलाही घेऊन येणार आहे. ती दहावीला आहे आणि तिला वाचायला काय काय पाहिजे याची यादी तिने स्वतः लिहून ठेवली आहे. दोन पाने आहेत. बैठक वर न ठेवता खाली अंगणात ठेवावी, एवढी अध्यक्षांना विनंती करतो. 

जयभीम. नमो बुद्धाय.